सेमाना सांतामध्ये मेक्सिकोच्या बीचवर टेन्ट लावायचा असेल तर

दर वर्षी फेब्रुवारी संपत आला की अमेरिकेतल्या मैत्रिणींचे मेसेज सुरू होतात. ईस्टरच्या सुट्टीत मुलांना घेऊन मेक्सिकोला यायचंय, बीचवर कॅम्पिंग करायचंय, तू तिथेच राहतेस तर एखादी शांत जागा सांग ना. आणि मी दर वर्षी तेच लिहिते, शांत हवं असेल तर तो एक आठवडा सोडून कधीही या, आणि त्याच आठवड्यात यायचं असेल तर शांततेची अपेक्षा घरी ठेवून या, मग बघा किती मजा येते ते. यंदा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं, म्हणजे लिंक पाठवता येईल.

आम्ही ग्वादालाहाराला राहतो, नवऱ्याची आयटीतली नोकरी. मी मूळची दापोलीकडची, त्यामुळे समुद्र म्हटलं की मला राहवत नाही. ग्वादालाहारा डोंगरावरचं शहर, समुद्र इथून चार-पाच तासांवर, आणि या शहरात पन्नासएक लाख माणसं राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांना वर्षात समुद्र बघायची एकच संधी मिळते, ती म्हणजे सेमाना सांता. पाम संडेपासून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपासून, ईस्टर संडेपर्यंतचा हा आठवडा, आणि त्याच्या पुढचा पास्कुआचा आठवडासुद्धा शाळांना सुट्टी. गंमत म्हणजे कायद्याने बघितलं तर गुरुवार-शुक्रवार इथे सक्तीच्या सुट्ट्या नाहीतच, पण बँका बंद असतात, बहुतेक ऑफिसं बंद असतात, कारखान्यात आणि दुकानात काम करणाऱ्यांनासुद्धा या दोन दिवसांची सुट्टी बऱ्याच ठिकाणी मिळते. म्हणून खरी गर्दी चार दिवसांची, गुरुवार ते रविवार. बुधवारी संध्याकाळी शहरातून बाहेर पडणारे रस्ते बघावेत, पिकअपच्या मागे गाद्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, बर्फाचे मोठे डबे, कोळशाची शेगडी, ताडपत्री, वर बांधलेली मुलांची ट्यूब, आणि आजीला पुढे ड्रायव्हरशेजारी मानाने बसवलेलं.

आम्ही जातो ते हालिस्कोच्या, म्हणजे आमच्याच राज्याच्या, दक्षिण किनाऱ्यावर, औत्लानवरून जाणाऱ्या ८० नंबरच्या हायवेने. हा रस्ता थेट मेलाकेला समुद्रावर उतरतो. मेलाके, शेजारी बार्रा दे नाविदाद, थोडं वर ला मान्सानिया (हे मान्सानियो नव्हे हं, ते कोलिमा राज्यातलं मोठं बंदर, दोघांची गल्लत करून चुकीचं हॉटेल बुक केलेले लोक मी बघितलेत), मग बोका दे इग्वानास आणि उपसागराच्या दुसऱ्या टोकाला तेनाकातिता. एरवी नोव्हेंबर ते मार्च इथे कॅनडाचे आणि अमेरिकेचे म्हातारे लोक मोठमोठ्या आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, घेऊन येऊन राहतात, थंडी टाळायला. ते मार्च संपता संपता परत जातात, आणि जे उरतात तेसुद्धा सेमाना सांताच्या आधी निघायची घाई करतात, गर्दी आणि आवाज नको म्हणून. त्यांचे इंग्रजी ग्रुप वाचले तर वाटेल की काहीतरी संकट येतंय. मला ते वाचून वाईट वाटतं. कारण जी माणसं येतात ती याच देशाची, याच राज्याची, वर्षभर राबून चार दिवस समुद्रावर आलेली. किनारा त्यांचाच आहे.

आता प्रत्यक्ष कसं असतं ते सांगते. गुरुवारी सकाळी मेलाकेच्या वाळूत पाय ठेवायला जागा शोधावी लागते. टेन्टला टेन्ट लागून, दोरीला दोरी अडकवून, एका कुटुंबाचे तीन-चार टेन्ट आणि मध्ये ताडपत्रीचं छप्पर, त्याखाली स्वयंपाकघर. यात्रेत राहुट्या पडतात ना, अगदी तसं. पाण्याच्या कडेने इथे एनरामादा असतात, म्हणजे झावळ्यांनी शाकारलेले मोठे मांडव, त्यात खाणावळ. तिथे टेबल-खुर्ची मिळते पण काहीतरी खायला-प्यायला मागवावं लागतं, कधी ठरावीक रकमेचं. मागच्या बाजूला त्यांचे संडास आणि आंघोळीचे शॉवर, पैसे देऊन वापरायचे, संडासला दहाएक पेसो, शॉवरला जास्त. सुट्टी नाणी बरोबर ठेवा, फार उपयोगी पडतात. सकाळी सात ते नऊ शॉवरसमोर जी रांग असते त्यात तुमच्या ओळखी होतात, माझ्या इथल्या निम्म्या ओळखी त्या रांगेतल्याच आहेत.

आमच्या सोसायटीतल्या एक आजी आहेत, त्यांच्या कुटुंबाबरोबर आम्ही जायला लागलो. लेकी, जावई, नातवंडं, पुतणे, कोणाचे तरी मित्र. पहिल्यापासून त्यांनी आम्हाला वेगळा टेन्ट लांब लावूच दिला नाही, म्हणाल्या इथेच लावा, रात्री मुलांवर लक्ष राहतं. आणि हे खरंच आहे, इतक्या गर्दीत कुटुंबांच्या घोळक्यात टेन्ट असणं हीच सगळ्यात मोठी सुरक्षितता. कोणी ना कोणी जागं असतंच. त्या आजी घरून कापिरोतादा करून आणतात, म्हणजे शिळा पाव, गुळाचा पाक, दालचिनी, बेदाणे, शेंगदाणे आणि वरून चक्क चीज, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात करायचा गोड पदार्थ. पिलोन्सियो म्हणजे आपला गूळच. शुक्रवारी मटण-चिकन खायचं नाही म्हणून मासे, सेविचे (लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा), कोळंबी, आणि माशाचे भाव त्या आठवड्यात चढलेले असतात हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लिंबू-मिरचीतली कच्ची कोळंबी मात्र मी उन्हात, गर्दीत, बर्फ वितळत आलेला असताना मुलांना देत नाही, भाजलेला मासा देते. तुम्हीही तसंच करा.

रात्री झोप मिळेल अशी आशा धरू नका. बांदा म्हणजे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, मोठा ढोल असा पंधरा-पंधरा जणांचा ताफा वाळूतून फिरत असतो, गाण्याच्या हिशोबाने पैसे द्यायचे, एका मांडवात थांबले की शेजारचा मांडव पुढचं गाणं सांगतो. त्यात प्रत्येक टेन्टचा आपापला स्पीकर. पहाटे तीन-चारला जरा कमी होतं. कानात घालायचे बोळे आणा, आणि दुपारी एनरामादाच्या सावलीत हॅमॉकमध्ये झोप काढा, सगळे तेच करतात.

या आवाजावरून मागे मासात्लानला, सिनालोआ राज्यातल्या किनाऱ्यावरच्या शहरात, मोठं भांडण झालं. २०२४ च्या मार्चमध्ये, सेमाना सांताच्याच दिवसांत, काही हॉटेलवाल्यांनी तक्रार केली की बीचवरच्या बांदामुळे परदेशी पाहुण्यांना त्रास होतो, वाजवण्यावर बंधनं आणा. बांदा ही सिनालोआ राज्याची ओळख, शेकडो वादकांची घरं त्यावर चालतात. वादक रस्त्यावर उतरले, मोर्चा निघाला, पोलिसांशी झटापट झाली, सगळ्या देशात चर्चा. मला स्वतःला रात्री तीन वाजता वाजवू नये असंच वाटतं, लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, वेळेची मर्यादा हवी. पण ज्याच्या गावात आलात त्याचं संगीतच बंद करा म्हणणं मला पटत नाही, अजिबात नाही.

मेक्सिकोत बीच कोणाच्याही मालकीचा नसतो. भरतीच्या रेषेपासून आत २० मीटरची पट्टी केंद्र सरकारची, तिला थोडक्यात सोफेमात म्हणतात. हॉटेलला, एनरामादावाल्याला तिथे वापरायचा परवाना मिळू शकतो, मालकी मिळत नाही, आणि लोकांची ये-जा अडवता येत नाही. कागदावर हे आधीपासून होतं, पण २०२० च्या फेब्रुवारीत कॅरिबियन किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला एका बीच क्लबसमोर वाळूत बसलेल्या लोकांना पोलिसांनी धरून नेलं, काही विकत घेतलं नाही म्हणून, त्यावरून लोक भडकले, मुद्दाम डबे घेऊन त्याच जागी जेवायला जाऊन बसले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, बीचवर जाणं अडवलं तर ३,००० ते १२,००० उमा दंड. उमा हे दंड मोजायचं सरकारी एकक, २०२५ ला एक उमा ११३.१४ पेसोचा होता, म्हणजे साधारण ३ लाख ४० हजार ते साडेतेरा लाख पेसो.

आमच्या बाजूला तर याचं जिवंत उदाहरण आहे, तेनाकातिता. अतिशय सुंदर, शांत पाण्याची जागा, वाळूत एनरामादांची रांग, पिढ्यान् पिढ्या लोक सेमाना सांताला तिथे टेन्ट लावायचे. २०१० च्या ऑगस्टमध्ये एका कंपनीने जमिनीवर हक्क सांगितला, राज्याचे पोलिस आले, एनरामादा, घरं पाडली, लोकांना हाकललं, रस्त्यावर गेट लावून पहारा बसवला. पुढे काही वर्षं साध्या माणसाला तिथे जाता येत नव्हतं. आजींच्या कुटुंबाची ती नेहमीची जागा होती. त्या अजूनही ते सांगताना रडवेल्या होतात, घर गेल्यासारखं बोलतात. आता लोक परत जातात, पोहतात. म्हणून मला गर्दी बघून कधी कपाळाला आठी पडत नाही. इतकी माणसं दर वर्षी येऊन टेन्ट लावतात म्हणून तर ही वाळू सगळ्यांची राहते असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे दापोली-गुहागरला ३१ डिसेंबरला किंवा लागून सुट्ट्या आल्या की पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा माझ्या माहेरचेच लोक वैतागून काय काय बोलतात. त्यांचा त्रास खरा आहे, कचरा, दारूच्या बाटल्या, वाळूत रुतलेल्या गाड्या, सगळं खरं. पण उपाय म्हणून लोकांना समुद्रच बंद करायचा की त्यांच्यासाठी संडास, पाणी, जीवरक्षक आणि कचऱ्याची गाडी वाढवायची, हे ठरवायला हवं.

गाडी वाळूत घालू नका, इथेही. या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, मुख्य हंगाम पावसाळ्याचा, जुलै ते डिसेंबर, म्हणजे ईस्टरला जवळजवळ नसतोच, पण वाहनांनी वाळू दाबली जाते आणि वाळूत खेळणारी मुलं गाडीखाली यायची भीती असते. ही ऑलिव्ह रिडली कासवं, आपल्या वेळासला येतात तीच जात. मेक्सिकोत १९९० पासून समुद्री कासवं मारायला पूर्ण बंदी आहे.

आता चंद्राचं, कारण टेन्ट कुठे लावायचा ते यावर ठरतं. ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते कारण ती पौर्णिमेवर बांधलेली आहे, २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणजे सेमाना सांता कायम पौर्णिमेच्या मागेपुढेच येणार, आणि पौर्णिमा म्हणजे उधाण, हे किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी सांगावं लागत नाही. २०२६ ला तर आपली हनुमान जयंती आणि इथला जुएवेस सांतो, म्हणजे पवित्र गुरुवार, दोन्ही २ एप्रिलला. हालिस्कोच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक कोकणाच्या मानाने खूपच कमी, मीटरच्या आसपास, त्यामुळे शहरातून आलेले लोक संध्याकाळी पाणी लांब दिसतं म्हणून ओल्या वाळूला लागून टेन्ट ठोकतात. रात्री उधाण आणि त्यात लांबून येणारी लाट, इथले कोळी त्याला मार दे फोंदो म्हणतात, वसंतापासून पुढे दक्षिणेकडच्या वादळांनी उठते, आणि मग पाणी सरळ टेन्टमध्ये. कचऱ्याची, काटक्यांची वाळलेली रेघ वाळूत दिसते ना, त्याच्या वर टेन्ट लावा, आणि वर लावताना नारळाच्या बरोब्बर खाली नको.

वर उत्तरेला कॅलिफोर्नियाच्या आखातात हे प्रकरण फारच वेगळं. अॅरिझोनातले आपले मराठी लोक पुएर्तो पेन्यास्कोला जातात, सीमेपासून शंभरेक किलोमीटरवर, तिथे आणि सान फेलिपेला भरती-ओहोटीत सहा-सात मीटरचा फरक पडू शकतो. सकाळी समुद्र दिसेनासा होतो इतका आत जातो. तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय टेन्ट लावू नका. बाहामध्ये, म्हणजे आखाताच्या पश्चिमेच्या लांबट द्वीपकल्पावर, मुलेहे गावाच्या दक्षिणेला बाहिया कोन्सेप्सिऑन आहे, सान्तिस्पाक, एल कोयोते, एल रेकेसोन असे छोटे छोटे बीच, रेकेसोनला ओहोटीत वाळूची पट्टी उघडी पडून बेटावर चालत जाता येतं. हिवाळ्यात तिथे आरव्हीवाले असतात, सेमाना सांताला आजूबाजूच्या गावांतली कुटुंबं टेन्ट, जनरेटर, होड्या घेऊन येतात. तिथे गोडं पाणी मिळत नाही, सगळं बरोबर न्यावं लागतं.

पाण्यात उतरण्याबद्दल मी जरा कडक आहे. बीचवर झेंडे असतात, हिरवा, पिवळा, लाल, आणि काळा म्हणजे पाण्यात जायचंच नाही. सुट्टीत प्रोतेक्सिऑन सिविलचे, म्हणजे नागरी संरक्षण खात्याचे लोक आणि जीवरक्षक वाढवलेले असतात, शिट्ट्या मारून मारून त्यांचा घसा बसतो, त्यांचं ऐका. मेलाकेचं पश्चिमेकडचं टोक आडोशाला आहे, मुलांसाठी तेच बरं, बार्राकडे जावं तशी लाट मोठी होत जाते. ला मान्सानियाला गावाच्या टोकाला खाडी आहे, तिच्यात मगरी आहेत, खऱ्या, मोठ्या. तिथे बघायला पूल आणि जाळी आहे, पण खाडीच्या तोंडाशी मुलांना खेळू देऊ नका. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला सहलीला गेलेली पुण्यातल्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, ती बातमी मी अजून विसरलेली नाही, त्यामुळे या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही.

पाणी स्वच्छ आहे का तेही बघता येतं. सुट्टीच्या आधी आरोग्य खात्याची कोफेप्रिस ही संस्था देशभरातल्या बीचचं पाणी तपासते आणि निकाल जाहीर करते. १०० मिलीलीटर पाण्यात २०० पर्यंत एन्टेरोकोकस जंतू सापडले तर पोहायला चालतं, त्यावर नाही. यादी नेटवर मिळते, निघायच्या आधी बघा. आणि कृपा करून कचरा परत न्या. रविवारी दुपारी जे मागे पडलेलं असतं ते बघवत नाही, थर्माकोलच्या प्लेटा, डायपर, फाटके टेन्टसुद्धा. नगरपालिकेचे लोक सोमवारी पहाटेपासून उचलत असतात. आमच्या घोळक्यात आजींचा नियम आहे, प्रत्येक लहान मुलाने निघायच्या आधी एक गोणी भरायची, स्वतःचा कचरा असो नाहीतर दुसऱ्याचा, त्याशिवाय गाडीत बसायचं नाही. काचेच्या बाटल्या बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत, कॅन आणा.

एक गोष्ट कोकणातल्या वाचकांसाठी. या भागात, खास करून कोलिमाच्या बाजूला, तुबा विकतात, भोपळ्याच्या मोठ्या तुंब्यातून ओतून, वर शेंगदाणे घालून. तुबा म्हणजे माडाचा रस, आपली नीराच. नारळाच्या पोयीला छेद देऊन रस काढायची कला इथे फिलिपिन्सच्या लोकांनी आणली, मनिलाच्या जहाजांवरून आलेल्या. आणि त्या सगळ्या प्रवासाची सुरुवात याच बार्रा दे नाविदादहून झाली, १५६४ च्या नोव्हेंबरमध्ये लेगास्पी या स्पॅनिश मोहिमेच्या प्रमुखाचा ताफा इथूनच फिलिपिन्सला निघाला. आंबाही त्याच वाटेने आला म्हणतात. एप्रिलच्या उन्हात, वाळूत बसून नीरा पिताना मला काय होतं ते शब्दांत नाही सांगता येणार.

बाकी कामाचं पटापट. पैसे रोख न्या, गावातली एटीएम गुरुवारी दुपारपर्यंत रिकामी होतात. पेट्रोल औत्लानलाच भरा. हायवेवर गाडी बंद पडली तर ०७८ ला फोन, आन्हेलेस वेर्देस म्हणजे हिरव्या गाड्यांतली सरकारी मदत, फुकट असते, फक्त लागलेल्या पार्टचे पैसे. भूकंपाचा झटका लांबला तर टेन्ट, सामान सगळं सोडून वरच्या बाजूला निघा, ९ ऑक्टोबर १९९५ ला इथे ८.० चा भूकंप झाला होता आणि पाठोपाठ त्सुनामी आली, मेलाकेला पडलेलं मोठं हॉटेल कितीतरी वर्षं तसंच उभं होतं. शनिवारी, साबादो दे ग्लोरियाला, पूर्वी रस्त्यात एकमेकांवर पाणी ओतायची पद्धत होती, आपल्या रंगपंचमीसारखी, आता पाणीटंचाईमुळे मेक्सिको सिटीत त्यावर दंड आहे, बीचवर मात्र मुलं बादल्या घेऊन फिरतात, मोबाईल सांभाळा.

एवढं सगळं वाचून ज्यांना नकोच वाटेल त्यांनी पास्कुआच्या आठवड्यात मंगळवार-बुधवारी या, शाळांना सुट्टी असतेच पण गर्दी अर्ध्याहून कमी, बोका दे इग्वानासला माडाखाली आरामात जागा मिळते. आणि ज्यांना यायचंच आहे, माझ्यासारखं सगळ्यांच्यात बसून, त्यांच्यासाठी तारखा: २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे, म्हणजे लोंढा २४ च्या रात्रीपासून येणार. पौर्णिमा २२ ला. टेन्ट लावायचा असेल तर सोमवार किंवा मंगळवारी येऊन जागा धरा, बुधवारी दुपारनंतर मेलाकेला वाळू शिल्लक नसते.